बेंबीखालच्या शेकासाठी मोक्साची बांबूची पेटी: काय जमतं, काय नाही

आधी निकाल सांगतो. ऑनलाइन मिळणारी ही बिननावाची, एका भोकाची पेटी (आत मोक्साची जळती कांडी ठेवून पोट शेकायची) पाळीच्या दुखण्यासाठी घ्यायला हरकत नाही. सोबतच्या कागदावर छापलेल्या बाकीच्या आजारांसाठी मात्र घेऊ नका.

पेटी ज्या ॲक्युपंक्चर बिंदूसाठी म्हणून विकतात तो ग्वानयुआन, म्हणजे सीव्ही ४. ग्वान म्हणजे वेस, युआन म्हणजे मूळ. चिनी वैद्यक याला लहान आतड्याचा मु-बिंदू (त्या अवयवाशी जोडलेला पुढच्या बाजूचा बिंदू) मानतं, आणि पायाकडून येणाऱ्या प्लीहा, यकृत व मूत्रपिंड या तीन वाहिन्या पोटाच्या मधल्या रेषेवरच्या रेन वाहिनीला (सीव्ही म्हणजे हीच) इथे मिळतात असं सांगतं. म्हणून पाळीच्या तक्रारी, वारंवार लघवी, मुलांचं अंथरूण ओलं करणं, जुनाट जुलाब, थकवा, मूल न होणं, सगळं याच्याच खात्यावर टाकलेलं असतं.

जागा काढताना लघवीला जाऊन यायचं, पाठीवर झोपायचं आणि गुडघे थोडे दुमडायचे. बेंबीच्या मध्यापासून खाली जघनास्थीच्या (ओटीपोटाखाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या) वरच्या कडेपर्यंत पाच समान भाग धरा. वरून तिसरा भाग संपतो तिथे, बरोबर मधल्या रेषेवर बिंदू. झटपट मोजायचं तर चार बोटं आडवी, पण ती ज्याला शेक द्यायचा त्याचीच. नवऱ्याची दणकट चार बोटं बारीक बायकोच्या पोटावर ठेवली की थेट खालच्या सीव्ही ३ वर पोचतात. बसून मोजू नका, सुटलेल्या पोटाची बेंबी खाली ओघळते. परकराच्या नाडीचा वळ बघून अंदाज घेणाऱ्याही आहेत. नाडी रोज वरखाली होते, तो हिशेब सोडा. तसंही पेटीची ऊब तळहाताएवढ्या जागेत पसरते, तेव्हा बोटभर चुकलं तर बिघडत नाही. अचूकपणा ॲक्युपंक्चरच्या सुईला लागतो.

मोक्सा म्हणजे चिनी आर्टेमिसियाच्या सुकवलेल्या पानांचा कापूस, कागदात गुंडाळून केलेली कांडी. जोतिबाला वाहतो तो दवणा याच कुळातला. वास मात्र दवण्यासारखा प्रसन्न नाही, जळताना गांजाच्या जवळ जातो. अपार्टमेंटमध्ये खिडकी उघडून लावलीत तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

कांडीचा तीन सेंटीमीटरचा तुकडा जुन्या सुरीने कापा. चिमट्यात धरून गॅसवर पेटवा, टोक सगळीकडून लाल होईपर्यंत. लायटरने एकच बाजू धरते आणि तुकडा मध्येच विझतो. झाकणाच्या खिळ्याला टोचून पेटलेलं टोक खाली करा. पोटावर पंचाचा एक पदर, त्यावर पेटी, हवेची झडप अर्धी उघडी. इथेच चूक होते. पहिली पाच मिनिटं फारसं काही जाणवत नाही, म्हणून झडप सताड उघडली जाते. मग बांबूच तापतो, आणि तेव्हा झडप बंद करूनही चटका थांबत नाही. दर तीन-चार मिनिटांनी पेटी उचलून कातडी बघा. गुलाबी ठीक, लालभडक झाली की थांबा. पंधरा ते वीस मिनिटं पुरे. जेवल्यावर तासभर नको.

पेटीच्या पट्ट्याचं इलॅस्टिक ढिलं आहे, पट्टा बांधून घरात फिरायला जाल तर तळाच्या जाळीतून राख गळेल. पडूनच शेका. विझवायला वाळूचं भांडं ठेवा. पाणी ओतलं तर उरलेली कांडी वाया जाते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कांडी हमखास दमट होते. मग ती धुमसते, धूर जास्त, ऊब कमी, आणि वाकळेला वास महिनाभर चिकटतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, ऊन पडलं की बाहेर काढा. बिनधुराची कोळशाची कांडी पेटायला त्रास देते आणि जास्त तापते; नवख्याने तिच्या वाट्याला जाऊ नये.

गरोदरपणात पेटी लावायचीच नाही. मधुमेहाने बधिरपणा आला असेल तर नाही. सिझेरियन झालेल्या बाईने व्रणाच्या आसपास बोट फिरवून बघावं. तिथली कातडी बऱ्याचदा बधिर असते, भाजलेलं फोड आल्यावरच कळतं. ताप, एका बाजूला टोचणारं दुखणं किंवा नेहमीपेक्षा फार रक्तस्राव असेल तर पेटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

गुणाचं म्हणाल तर पाळीच्या कळांवर उबेचा फायदा खरा आहे. 2001 च्या एका अभ्यासात पोटावर बारा-बारा तास ठेवलेली 38.9 अंशांची पट्टी आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली होती. पण ती साधी उबेची पट्टी होती, मोक्सा नव्हे. गरम पाण्याच्या पिशवीनेही बरंच काम होतं. पेटीची ऊब कोरडी आणि एका जागी टिकणारी, एवढाच तिचा वरचढपणा. लघवी गळण्यावर विद्युत-ॲक्युपंक्चरचा 2017 चा जो मोठा चिनी अभ्यास विक्रेते दाखवतात, त्यातल्या सुया कमरेखाली पाठीमागे लावल्या होत्या, बेंबीखाली नाही.

सुई घ्यायची असेल तर ती घरी नकोच. या जागी ती साधारण अर्धा ते एक त्सुन (एक त्सुन म्हणजे रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी) सरळ जाते आणि आत मूत्राशय असतं, म्हणून आधी लघवी करून येणं सक्तीचं. नोंदणी असलेला थेरपिस्ट आणि तुमच्यासमोर फोडलेलं सुयांचं पाकीट, एवढं तरी बघा.

पेटीचा खिळा दहा-बारा वापरांनंतर सैल होतो आणि पेटलेला तुकडा जाळीवर पडतो. दर वेळी हलवून बघा, डुगडुगला तर पक्कडीने दाबून घ्या.