इंदूर–पुणे विमानप्रवास : सव्वा तासाचे पाच तास कसे होतात

मुलगी कोथरूडला स्थायिक झाल्यापासून, म्हणजे गेल्या नऊ महिन्यांत, मी इंदूर–पुणे विमानप्रवास जाऊन-येऊन चौदा वेळा केला आणि इंदुरातल्या टिळकनगरच्या घराला कुलूप लावल्यापासून तिच्या दाराची घंटा वाजेपर्यंतच्या सगळ्या वेळा एका वहीत टिपून ठेवल्या. घरात या वहीची यथेच्छ चेष्टा होते, परंतु पुढचे आकडे तिच्यातलेच आहेत.

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे 500 किलोमीटर, म्हणजे 270 सागरी मैल भरते. नकाशावर पट्टी ठेवली तर ही रेषा महेश्वर, अमळनेर, येवला आणि शिर्डी यांच्या अगदी जवळून जाते. अहिल्याबाईंच्या नावाच्या विमानतळावरून निघून प्रथम त्यांच्याच राजधानीकडे, महेश्वरकडे जावे, याचे मला अजूनही कौतुक वाटते. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळसा घेते, त्यामुळे कापलेले अंतर थोडे अधिकच असते.

तिकिटावर साधारण सव्वा तास लिहिलेला असतो. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुण्यात उभे राहीपर्यंतचा असून माझ्या नोंदींप्रमाणे प्रत्यक्ष हवेत पंचावन्न मिनिटे ते एक तास जातो. जाण्या-येण्याच्या वेळांत दोन-चार मिनिटांपलीकडे फरक आढळला नाही, कारण हा मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण आहे आणि वरचे पश्चिमी वारे त्याला आडवे येतात. ते ना फारसे ढकलतात, ना अडवतात.

खरा वेळ जमिनीवर जातो. दोन्ही शहरांत विमानतळ आमच्या घरांच्या नेमक्या विरुद्ध टोकांना आहेत. टिळकनगरहून विमानतळ पाऊण तास. सामान देण्याची खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होत असल्याने दीड तास आधी पोहोचणे. पुण्यात सामान मिळून बाहेर पडेपर्यंत अर्धा तास आणि लोहगावहून कोथरूड संध्याकाळी किमान एक तास. बेरीज पाच तासांची होते. सात किलोच्या हातपिशवीत भागवले तर अर्धा-पाऊण तास वाचतो, पण इंदूरची शेव आणि मुलीच्या फर्माइशी सात किलोंत मावत नाहीत. एकदा एका कंपनीचे विमान साडेतीन तास उशिरा सुटले आणि त्या काळात फक्त एक सँडविच मिळाले, हीही नोंद वहीत आहे.

तरीही रेल्वेशी तुलना केली की तक्रार मावळते. गाडी रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा गुजरात फिरून जाते आणि 500 किलोमीटरच्या जागी 900 हून अधिक किलोमीटर कापते. मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. तो झाला तर हा वळसा सुटेल, परंतु माझ्या वयाला तेवढे थांबणे परवडेल असे वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर विमानाचे भाडे आवाक्याबाहेर जाते, तेव्हा मी मुकाट्याने रात्रीची स्लीपर बस धरतो. धुळ्यावरून जाणारी ही बस बारा-तेरा तास घेते, मात्र शेवेच्या पिशव्यांचे वजन कोणी करत नाही.