गॅस्ट्रिक बायपासनंतरचे १४ महिने: वजन उतरलं, मधल्या अडचणींचंही सांगते

हा अनुभव लिहायला मी १४ महिने थांबले. दुसऱ्या महिन्यात लिहिला असता तर 'या वाटेला जाऊ नका' एवढंच लिहिलं असतं. सहाव्या महिन्यात लिहिला असता तर नुसतं कौतुक केलं असतं. दोन्ही खरं असतं, पण अर्धं.

आधी आकडे. उंची १६२ सेंटिमीटर. ऑपरेशनच्या दिवशी वजन १२४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४७. जोडीला दहा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री लावायचं मशीन. आज वजन ८६ आहे. मशीन बंद झालं, रक्तदाबाची एक गोळी उरली. मधुमेहाची औषधं सध्या बंद आहेत, पण तो कायमचा गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि तपासण्या चुकवू देत नाहीत. या १४ महिन्यांत मी दोनदा ॲडमिट झाले आणि चारदा एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून आतली तपासणी) झाली. हेही त्याच हिशोबात धरा.

ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढच्या बऱ्याचशा अडचणी त्या रचनेतूनच आल्या. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिली मावेल एवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. त्यातले पाचकरस खालच्या दुसऱ्या जोडावर येऊन मिळतात. म्हणजे दोन नवे जोड, आणि अन्नाची बदललेली वाट. अन्न जास्त मावत नाही, शिवाय भुकेची आणि साखरेची संप्रेरकंही बदलतात.

पहिले चार आठवडे ठरल्याप्रमाणे गेले. आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. तिसऱ्या आठवड्यात काटा आठ दिवस हलला नाही तेव्हा मी रडले. असं बहुतेकांना होतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या आठवड्यात घास अडकायला लागला. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं, मग चिकट फेस यायचा आणि शेवटी उलटी. आधी फक्त मऊ अन्नाचं असं व्हायचं. चार दिवसांनी दाट पातळ पदार्थही परत यायला लागले. मला दिलेल्या कागदावर 'सावकाश खा, नीट चावा' असं ठळक अक्षरात छापलं होतं, त्यामुळे माझंच चुकतंय असं मी धरून चालले. आणखी सावकाश खाल्लं, आणखी थोडं खाल्लं. उलटीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बाथरूममधला नळ सोडून ठेवायचे.

वजन तर भराभर उतरत होतं. घरचे खूश, भेटणारे खूश. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप केला तोच आकडा छान दिसत असताना 'मला बरं वाटत नाहीये' हे वाक्य तोंडातून निघेना. त्यातून ऑपरेशनला आईचा विरोध होता. तिचं म्हणणं खरं ठरेल या भीतीने मी १६ दिवस कुणालाही काही सांगितलं नाही. या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात महाग पडले ते हे १६ दिवस.

सोळाव्या दिवशी पाण्याचा घोटही खाली जाईना. पायांत मुंग्या येत होत्या आणि चालताना तोल जात होता. ताई भेटायला आली होती, तिने मला भिंत धरून चालताना पाहिलं आणि माझ्या फोनमधून नंबर शोधून सर्जनच्या टीममधल्या सिस्टरना स्वतःच फोन लावला. त्यांनी विचारलं, किती दिवस, दिवसातून किती वेळा, लघवी किती होते, मुंग्या येतात का. मुंग्यांचं ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "आत्ता निघा. सलाईन लावण्याआधी बायपास झालाय आणि बी-१ द्यायचंय, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा."

हे नीट वाचा, कारण ही गोष्ट गंभीर आहे. बी-१, म्हणजे थायामिन, शरीरात फार साठत नाही. दोन-तीन आठवडे सतत उलट्या झाल्या की तो साठा संपतो. तशा अवस्थेत आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मुंग्या, तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. मला बी-१ शिरेतून दिलं, मग सलाईन लावलं. तोल चार दिवसांत सावरला, मुंग्या जायला दोन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी केली. पिशवी आणि आतडं यांच्या जोडावरचं तोंड आकसून चार मिलिमीटरवर आलं होतं. जखम भरताना काही जणांच्या जोडावर व्रण आवळत जातो. तो साधारण पहिल्या तीन महिन्यांतच होतो आणि खाण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. दुर्बिणीतून फुगा नेऊन तोंड रुंद केलं, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा केलं. पहिल्यांदा फुगा नेला त्या संध्याकाळी पाण्याचा एक घोट घेतला आणि तो सरळ खाली गेला. मी हुंदके देऊन रडले. सर्जनबाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पाचव्या आठवड्यात फोन केला असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं."

त्या रात्री फोनवर वाचत पडले होते. हे ऑपरेशन पहिल्यांदा १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी केलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या माणसांचं वजन वाढत नाही हे तेव्हा दिसत होतं, त्यातून ही कल्पना आली. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून डॉक्टर ही ऑपरेशनं आणि त्यांच्या अडचणी पाहत आले आहेत. यातलं काहीच फक्त माझ्यावर घडलेलं नव्हतं. हे कळल्यावर बरं वाटलं.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, मूठभर हातात यायचे. घाबरले, पण झपाट्याने वजन उतरलं की असं होतं आणि प्रथिनं-लोह नीट असेल तर परत येतात. माझे आले. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती, ती घेतली. खडे झाले नाहीत.

डम्पिंगबद्दल, म्हणजे खाल्लेलं छोट्या पिशवीतून आतड्यात फार झटकन उतरल्यामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल, मात्र सविस्तर लिहायला हवं. गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते आणि आडवं पडावं लागतं. हा प्रकार मला माहीत होता, टाळायलाही शिकले. दुसरा प्रकार दहाव्या महिन्यात आला. खाल्ल्यावर दोन तासांनी हात थरथरायला लागायचे, डोकं चालेनासं व्हायचं. एकदा बोटातून तपासलं तर साखर ५१ होती. साखर आतड्यात झटकन पोहोचते, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर घसरते. दहा वर्षं मधुमेह काढलेल्या माणसाला 'साखर घसरली की गोड खा' हे पाठ असतं. मी तेच करत होते, आणि त्या गोडामुळे दोन तासांनी पुन्हा घसरत होती. आता तेवढ्यापुरती थोडीशी साखर घेते आणि लगेच त्यावर प्रथिनांचं काहीतरी खाते. जेवणातही आधी प्रथिनं, पिष्टमय पदार्थ थोडे आणि शेवटी. महिन्याभरात फरक पडला.

आठव्या महिन्यातली चूक पूर्ण टाळता येण्यासारखी होती. दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बायपास झालाय हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. गोळी आयबुप्रोफेन होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन या जातीच्या वेदनाशामकांनी जोडावर अल्सर होतो. धूम्रपानानेही होतो. आठवड्याभरात बरगड्यांखाली आग व्हायला लागली आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं. या वेळी मी त्याच दिवशी फोन केला. पुन्हा ॲडमिट, पुन्हा एन्डोस्कोपी, जोडावर अल्सर. तीन महिने आम्लरोधक कॅप्सूल उघडून आतले दाणे घ्यायचे होते, कारण छोट्या पिशवीत कॅप्सूल नीट विरघळण्याआधीच पुढे सरकते. सोबत अल्सरवर थर देणारं पातळ औषध. चौथ्या एन्डोस्कोपीत जखम भरलेली दिसली. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरकडे गेले की बसण्याआधी 'माझा बायपास झालाय' हेच पहिलं वाक्य असतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

मला झालं नाही, पण सर्जनबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं ते इथे लिहून ठेवते. पहिल्या काही दिवसांत नाडी सतत १२० च्या वर राहिली, ताप आला, पोट किंवा खांदा दुखायला लागला तर जोडातून गळती असू शकते. ताप नसला आणि नुसती नाडी पळत असली तरी घरी थांबायचं नाही. आणि वजन बरंच उतरल्यावर, महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा, नव्या रचनेतल्या फटीत आतडं शिरून अडकू शकतं. कळ येते, जाते, पुन्हा येते. कधी कधी स्कॅनमध्येही दिसत नाही. अशी कळ गॅसची समजून अंगावर काढायची नाही, बॅरिॲट्रिक (वजन उतरवण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनलाच गाठायचं.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. अकराव्या महिन्यात ८३ किलोपर्यंत पोहोचले होते. मग काटा थांबला आणि वर सरकायला लागला. ८४. ८५. मी वजनकाटा कपाटात ठेवून दिला आणि बाराव्या महिन्याचा फॉलोअप चुकवला. उलट्या लपवताना जे केलं होतं तेच पुन्हा केलं, फक्त या वेळी नळ सोडावा लागला नाही. एवढं ऑपरेशन करूनही आपल्याच्याने होत नाही, असं मनात घोळत राहायचं. रात्री सगळे झोपले की थोडं थोडं काहीतरी तोंडात टाकत बसायचे. एका वेळी जास्त मावत नाही, पण दोन तास चरत राहिलं की बरंच जातं.

तेराव्या महिन्यात ताईनेच ओढून नेलं. आहारतज्ज्ञ ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "दिवसातली कुठली वेळ सगळ्यात अवघड जाते?" सर्वांत खालच्या आकड्यावरून काही किलो परत येणं बहुतेकांच्या बाबतीत घडतं हे त्यांनी सांगितलं. तेव्हाच्या रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, फक्त ९ निघालं. जो थकवा मी आळस समजत होते तो लोहाच्या कमतरतेचा होता. लोह शिरेतून दिलं. मला समुपदेशकाकडेही पाठवलं, आणि तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले की वाईट दिवशी खाणं ही माझी एकमेव सोबत होती आणि ऑपरेशनने ती काढून घेतली, तिच्या जागी काहीच आलं नाही. यावर काम सुरू आहे. संपलेलं नाही.

रोजचं म्हणाल तर ७० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य, दीड लिटर पाणी घोटाघोटाने, जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम सायट्रेट. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. हे आयुष्यभराचं आहे. ज्यांना गोळ्या आणि रक्ततपासण्यांचा कंटाळा येणार असेल त्यांनी ऑपरेशनआधी याचाच सगळ्यात जास्त विचार करावा. दंडांवर आणि पोटावर लोंबणारी कातडी आहे, त्वचेच्या घड्यांत खाज येते. त्याचं अजून काही ठरवलेलं नाही.

पुन्हा निर्णय घ्यायचा असता तर मी ऑपरेशन केलंच असतं. जिने चढते, मशीनशिवाय झोपते, पायांवरची सूज गेली. पण सर्जन निवडताना एक प्रश्न जास्त विचारला असता: रात्री अडचण आली तर फोन कोण उचलेल? आणि घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवलं असतं की मी 'सगळं ठीक आहे' म्हणाले तरी जेवल्यावर मी कुठे जाते यावर लक्ष ठेव.

गेल्या आठवड्यात दोनदा घास अडकल्यासारखा झाला. उलटी नाही, नुसता दाब. दुसऱ्या वेळी ताटावरूनच सिस्टरना फोन केला. त्यांनी दोन दिवस पातळ घ्यायला सांगितलं, बी-१ ची गोळी सुरू केली आणि बुधवारी सकाळी ११ ची वेळ दिली. आईला सांगितलं, ती सोबत येते आहे.