पोटरी, पिंढरी, नडगी की जंघा?

दवाखान्याचं माहितीपत्रक, योगवर्गाच्या सूचना, आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर यांपैकी काहीही हाती घेतलं, की गुडघ्याखालच्या पायाच्या मागच्या मांसल भागाला काय म्हणायचं, इथे पेन अडतं. भाषांतर करणारं यंत्र इंग्रजी ‘काफ’ (calf) या शब्दाचा दुसराच अर्थ उचलून ‘वासराचे स्नायू’ लिहून देतं आणि कित्येकदा ते तसंच छापलंही जातं. आपलं दुखणं त्या ओळींत शोधणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

माझा कौल पोटरीला. हा शब्द अजून बोलण्यात आहे. चढ चढून पोटऱ्या भरून येतात, रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, पावसाळ्यात पोटरीभर चिखल तुडवावा लागतो. शेतात तर तो रोजचाच. कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात फुगतं, तेव्हा ज्वारी ‘पोटरीत आली’ म्हणतात. रब्बी ज्वारीला पाणी द्यायची एक महत्त्वाची वेळ हीच, पेरणीनंतर साधारण ५० ते ५५ दिवसांनी. पायात असो वा पिकात, आत काहीतरी भरल्यामुळे आलेला फुगवटा दोन्हीकडे आहे, आणि शब्दात पोट तर कानालाच ऐकू येतं. या भागातल्या मोठ्या स्नायूला डॉक्टर गॅस्ट्रोक्नेमियस म्हणतात. त्या ग्रीक नावाचा अर्थही ‘पायाचं पोट’ असाच आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला होता.

पिंढरी, किंवा पिंडरी, म्हणजे हाच भाग. संस्कृतात पिंडिका, हिंदीत पिंडली. चरकसंहितेत वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यांत पिंडिकोद्वेष्टन आहे, म्हणजे पिंढऱ्यांत पेटके येणं. शब्द जुना आणि गोड आहे. कथेतली आजी ‘पिंढऱ्या दाबून दे गं’ म्हणत असेल, तर तिथे पोटरी घालून तिची बोली पुसू नये. पण एकाच पत्रकात दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरू नयेत. वाचणाऱ्याला ते दोन वेगळे अवयव वाटतात.

नडगी या स्पर्धेतच नाही. ती पुढची बाजू. तिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, म्हणून खाटेचा कोपरा लागला की डोळ्यांत पाणी येतं. तरीही काही जण गुडघ्याखालच्या अख्ख्या पायालाच नडगी लिहितात. हे टाळाच. शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावर सूज आणि दुखणं बहुधा पोटरीत जाणवतं, तर नव्याने धावायला लागलेल्यांची अनेकदा नडगी दुखते. शब्द चुकला, तर धोक्याचं लक्षण साधं वाटू शकतं. नळी हा नडगीच्या हाडाचा जुना शब्द, पण दवाखान्यात नळी म्हटल्यावर सलाईनची नळी डोळ्यांसमोर येते. त्यापेक्षा ‘नडगीचं हाड’ लिहावं.

सर्वांत फसवा शब्द जंघा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय, मांडीला तिथे ऊरू म्हणतात. मराठीत मात्र जांघ मांडीच्या वरच्या सांध्यापाशी जाऊन बसली. ‘जांघेत गाठ आली’ म्हटलं की कुणीही पोटरीकडे पाहत नाही, आणि हिंदीत तर जांघ म्हणजे सरळ मांडीच. ‘जंघेला तेल चोळा’ असं लिहिलंत तर ते तेल गुडघ्याच्या वरच लागेल. ग्रंथातलं अवतरण देत असाल तर जंघा राहू द्या, पण लगेच पुढे ‘गुडघ्याखालचा पाय’ असा खुलासा द्या.

जिममध्ये मुलं ‘काफ’ म्हणतात. त्यांच्यासाठीच लिहीत असाल तर हरकत नाही, एकदा पोटरी सोबत लिहा म्हणजे झालं.

एक लेखनातली खबरदारी: अनेकवचन ‘पोटऱ्या’, अर्धा र आडव्या रेघेचा, दोऱ्या-गोऱ्यासारखा. रफार देऊन ‘पोटर्या’ टंकलं जातं, ते सूर्या-भार्यासारखं वाचलं जातं.