४-३-२ : जपानी सहकाऱ्याच्या इंग्रजीसाठी वापरलेली पद्धत, साताठ महिन्यांनंतर

तोक्योत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला हा प्रकार ओळखीचा असतो. जपानी सहकाऱ्याचं लेखी इंग्रजी चोख असतं, मेल नेटका असतो, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी आठशेच्या वर गुण असतात. पण कॉलवर पलीकडून एक साधा प्रश्न आला की तोच माणूस गप्प होतो. आमच्या विभागप्रमुखांचं अगदी हेच होत होतं. ऑफिसात सगळे त्यांना हुद्द्यानेच, म्हणजे 'काचो' अशी हाक मारतात, तेव्हा इथेही तेच म्हणते. वय पंचेचाळिशीच्या पुढे. बंगळुरूच्या टीमशी दर आठवड्याला बोलावं लागायला लागलं तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शिकवणारे खूप झाले. तुम्ही शिकवू नका, नुसतं ऐका." पुढचं सगळं त्या ऐकण्यातून आलंय.

काचोंच्या पिढीला इंग्रजी सातवीपासून होतं. (पाचवी-सहावीला तो रीतसर विषय झाला २०२० मध्ये.) सहा वर्षं शाळेत, मग विद्यापीठात, आणि मधे ती प्रवेश परीक्षा, जिच्यात भर वाचनावर आणि व्याकरणावर. नोकरीत आल्यावर टोइक. १९७९ पासून चालू असलेली ही परीक्षा जपानी कंपन्यांत बढतीच्या वेळीही विचारात घेतात. तिच्या नेहमीच्या, ऐकण्या-वाचण्याच्या पेपरात दोन तासांत दोनशे प्रश्न असतात आणि तोंडातून एक शब्दही काढावा लागत नाही. त्यामुळे काचोंसारख्या माणसाला 'तुमचं इंग्रजी कच्चं आहे' म्हणणं साफ चूक आहे. माल गोदामात भरपूर आहे, तो वेळेवर काउंटरवर येत नाही, इतकंच.

आधी त्यांनी काय काय केलं होतं, तेही सांगते. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, एनएचकेच्या, रेडिओवरचे इंग्रजीचे धडे ते वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. जपानात १९२५ साली रेडिओ सुरू झाला, त्याच वर्षी त्यावर इंग्रजीचे धडेही सुरू झाले, आणि दर महिन्याचं पाठ्यपुस्तक आजही दुकानात मिळतं. अतिशय चांगली गोष्ट, पण ऐकण्याची. शॅडोइंग, म्हणजे ध्वनिफितीच्या मागोमाग सावलीसारखं बोलत जाणं, त्यांनी मनापासून केलं आणि त्याचा फायदा मला कानांनी कळतो. जपानी उच्चारात 'स्ट्राइक' हा 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच ठोक्यांचा शब्द होतो. ती सवय शॅडोइंगने बरीच सुटली आणि वाक्याला लय आली. पण शॅडोइंगमध्ये वाक्य दुसऱ्याचं असतं. स्वतःचं वाक्य जुळवायची वेळ आली की गाडी पुन्हा तिथेच अडायची.

मग पंचवीस मिनिटांचे ऑनलाइन तास. शिक्षक बहुतेक फिलिपिन्समधले, प्रेमळ आणि धीराचे. काचोंची तक्रार एकच होती : दर वेळी नवा शिक्षक, त्यामुळे दर वेळी स्वतःची ओळख करून देण्यात वेळ जातो. मी म्हटलं, ती ओळख मला करून दाखवा. आणि काय सांगू! शिक्षण, गाव, काम, मासेमारीचा छंद, सगळं न अडखळता, वेगात, मधे एक हलकासा विनोदसुद्धा. माणूस तोच, इंग्रजी तेच. फरक एवढाच की हा मजकूर ते वेगवेगळ्या माणसांना असंख्य वेळा सांगून चुकले होते. म्हणजे औषध त्यांच्याच हातात होतं. बाकीच्या गोष्टीही तशाच सांगून सांगून रुळवायच्या होत्या.

यासाठीच ४-३-२ नावाचा सराव आहे. कीथ मॉरिस यांनी तो १९८३ मध्ये मांडला आणि न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले पॉल नेशन यांनी त्यावर पुढे काम केलं. एक विषय घ्यायचा, तो एकाला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा बदलायचा, म्हणजे सांगण्याला अर्थ राहतो. वेळ कमी होत जातो, म्हणजे शोधत बसायला सवड मिळत नाही. विषय ओळखीचाच हवा आणि नवे शब्द शिकायचा मोह टाळायचा. नेशन यांचं म्हणणं असं की भाषेच्या अभ्यासाचा साधारण चौथा हिस्सा, आधीच येत असलेलं झरझर वापरण्याला द्यावा. काचोंच्या आजवरच्या अभ्यासात हा हिस्सा जवळपास नव्हताच.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसायचो. चार मिनिटं मला, तीन मिनिटं आमच्या टीममधल्या व्हिएतनामी मुलीला, आणि दोन मिनिटं संध्याकाळच्या ऑनलाइन शिक्षकाला. नवा शिक्षक असण्याचा इथे चांगलाच उपयोग झाला. ज्या दिवशी तास नसेल, त्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग.

सुरुवातीच्या दिवसांतला एक विषय होता 'चाचणी पुढे का ढकलली'. पहिल्या फेरीत वाक्य असं आलं : "द टेस्ट वॉज... एतो... बिकॉज शिपमेंट वॉज... डिले, डिलेड, बाय..." ('एतो' म्हणजे जपानी 'अं...') आणि लांबलचक थांबा. तिसऱ्या फेरीत मी मुद्दाम शेजारी बसून ऐकलं : "द व्हेंडर वॉज लेट. सो वुई मूव्ड द टेस्ट टू मंडे." वाक्यं दोन, छोटी, कर्ता पुढे, क्रियापद लगेच. मधे कुणी काही शिकवलेलं नव्हतं. वेळ कमी झाल्यावर त्यांनी स्वतःच वळणाची वाक्यरचना टाकून सरळ वाट धरली.

ते का अडतात हे आपल्याला चटकन कळतं, आणि मराठी माणूस इथे चांगला श्रोता ठरतो असं माझं मत आहे. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि 'काल आलेला मेल' ही रचना जपानीत याच क्रमाने होते. इंग्रजीत आधी 'मेल' म्हणायचं, मग तो कसला ते सांगायचं. ही उलटापालट बोलता बोलता करायची, म्हणजे मधे श्वासभर थांबा येणारच. तेव्हा त्यांच्या तोंडात शब्द कोंबायचा नाही. आपल्याकडची माणसं, माझ्यासकट, मदत म्हणून वाक्य पुरं करून टाकतात. त्याने त्यांचं जुळत आलेलं वाक्य मोडतं.

आता उणिवा. पहिली मोठी : चूकसुद्धा रुळते. 'अ' आणि 'द' जपानीतही नाहीत आणि मराठीतही नाहीत, त्यामुळे तिथे माझाही कान फारसा भरवशाचा नाही. तीन फेऱ्यांत तीच चूक तीनदा झाली की ती पक्की होते. यावर तोडगा म्हणून फेऱ्यांच्या मधे काही बोलायचं नाही, पण शेवटी एक-दोनच चुका कागदावर लिहून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा घ्यायचा. याने फरक पडला, पूर्ण नाही. दुसरी : गटासमोर हे करायला जपानी माणसाला जड जातं. समोर घड्याळ आणि दहा सहकारी, असं असेल तर पहिल्याच आठवड्यात बंद पडेल. एका वेळी एकच श्रोता हवा.

घोकलेल्या विषयापुरतीच ही सफाई राहते का, ही शंका मलाही होती. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर नेल दे योंग आणि चार्ल्स पर्फेटी यांनी केलेलं संशोधन २०११ मध्ये आलं. एका गटाने तोच विषय पुन्हा पुन्हा सांगितला, दुसऱ्याने दर वेळी नवा. सरावाच्या काळात दोन्ही गट सुधारले, पण नंतर वेगळ्याच विषयावर बोलतानाही सफाई टिकली ती पहिल्या गटाची. काचोंच्या बाबतीत हे हळूहळू दिसलं. पहिले दोन-तीन महिने फक्त सराव केलेले विषयच वाहते झाले. नंतर कॉलवर अचानक निघालेल्या विषयांतही 'सो वुई...', 'द रीझन इज...' असे तुकडे आपोआप येऊ लागले, आणि त्या तुकड्यांच्या आधाराने पुढचं वाक्य जुळवायला त्यांना वेळ मिळायला लागला.

कुणाला सुचवीन? ज्याला वाचता-लिहिता चांगलं येतं आणि बोलताना अडतं, अशा प्रौढ माणसाला नक्की. अगदी नवशिक्याला नाही, कारण त्याच्यापाशी वेगाने सांगण्याजोगं अजून काही साठलेलं नसतं. खर्च शून्य, मात्र ऐकणारी माणसं नियमित मिळायला हवीत, आणि खरी अडचण तीच आहे. पुण्या-मुंबईतून जपानी क्लायंटशी रोज बोलणाऱ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे : मीटिंगच्या आधी समोरच्याला त्याचा मुद्दा एकदा निवांत सांगू द्या, मग मीटिंगमध्ये तोच पुन्हा मांडायला सांगा.

प्रश्नोत्तरं अजून कच्ची आहेत. सांगणं सुधारलं, पण मधेच कुणी प्रश्न टाकला की काचो अजूनही थबकतात. म्हणून या महिन्यापासून प्रत्येक फेरीनंतर श्रोत्याने एक प्रश्न विचारायचा आणि तोच प्रश्न पुढच्या श्रोत्यानेही विचारायचा, असं आम्ही सुरू केलंय. व्हिएतनामी मुलीचे प्रश्न माझ्यापेक्षा अवघड असतात आणि काचोंना तेच जास्त आवडतात.