लंबकाला नट बांधावा की पाण्याची बाटली?

नववीतल्या पुतणीला विज्ञान प्रदर्शनासाठी लंबक करायचाय. दोऱ्याला लोखंडी नट लावू की पाण्याची बाटली, इथेच तिची गाडी अडलीये.

खर्चाचं सोडा, दोन्ही किरकोळ. खरा फरक लांबीच्या मापात पडतो. लंबकाची लांबी टांगलेल्या टोकापासून वजनाच्या गुरुत्वमध्यापर्यंत (जिथे त्याचा सगळा भार एकवटल्यासारखा असतो त्या बिंदूपर्यंत) मोजायची असते. नटचा मध्य डोळ्यांनी कळतो. १ मीटरला एक दोलन, म्हणजे एकदा जाऊन परत येणं, साधारण २ सेकंदांचं आणि २५ सेंटिमीटरला त्याच्या निम्मं, हे नटवर छान दिसतं. बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आणलं की गुरुत्वमध्य खाली सरकतो. १ मीटरच्या लंबकात तो ५ सेंटिमीटर सरकला तरी २० दोलनांना सुमारे १ सेकंद जास्त लागतो, आणि मुलं ठामपणे लिहून टाकतात की वजनामुळे दोलनकाल (एका दोलनाचा वेळ) बदलतो, खरं तर बदललेली असते लांबी! शिवाय पाणी हिंदकळतं, नायलॉनची दोरी वजनाने ताणते. नटचं वजन वाढवणं सोपं आहे: दुसरा नट पहिल्याच्या शेजारी, त्याच उंचीवर बांधायचा, खाली नाही.

वेळ मात्र दोन्हीकडे २० दोलनांचीच घ्या आणि २० ने भागा. झोका १० अंशांच्या आत ठेवा.

आकडे वहीत मांडून आलेख काढायचा असेल तर नटच घ्यावा. मागच्या बाकावरच्यांनाही झुलणं दिसावं एवढाच हेतू असेल, तर काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली चालेल.