लिनिअर पीईआय २५ हजार पावडर: आठ महिने वापरून मग लिहितेय

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या मोठ्या कंपनीतल्या माणसाचा नाही. आमची लॅब महापे एमआयडीसीत, माणसं चार, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट) एक, आणि बजेटचं विचारूच नका. सेलमध्ये (म्हणजे पेशीत) जीन घालायला दोन वर्षं आम्ही लिपिडचं तयार किट वापरायचो, दीड एमएलची एवढीशी बाटली आणि किंमत पाच आकडी, शेवटचा थेंब टिपने ओढून घेताना हात थरथरायचा. मग एक दिवस सरांनी बिलं बघितली आणि म्हणाले, पीईआय मागवा आणि सोल्युशन स्वतः बनवा.

पीईआय म्हणजे पॉलिएथिलीनइमीन, २५ हजार हे त्याच्या रेणूचं वजन. कागदाच्या कारखान्यात, गोंदात वापरतात तेच पॉलिमर, कृत्रिमच. ते डीएनए सेलमध्ये नेऊ शकतं हे १९९५ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बेर यांच्या ग्रुपने दाखवलं, आणि एवढी वर्षं झाली, एवढी नवी नवी पॉलिमर्स आली, तरी स्वस्तात कोणाला काम करायचं असेल तर लोक अजून ह्याच्याकडेच येतात.

आता पहिला किस्सा. ऑर्डर दिली लिनिअरची, खरेदीच्या ऑर्डरवर ठळक लिहिलेलं. डीलरचा मुलगा गाडीवरून बाटली देऊन गेला, मी उघडली तर आत मध! म्हणजे खरंच मधासारखं चिकट, घट्ट, बाटली उलटी केली तर निवांत खाली येतंय. लिनिअर पांढरी पावडर असते हो, हे ब्रँच्ड होतं. फोन केला तर म्हणे, "मॅडम सेमच आहे, लेबलवर पीईआयच लिहिलंय ना?" सेम नाहीये दादा. लिनिअर म्हणजे सरळ दोरा, ब्रँच्ड म्हणजे बाभळीची फांदी. तीन आठवडे भांडून पावडर मिळाली, मधाची बाटली परत न्यायला मात्र कोणी आलं नाही. डीलरचं नाव लिहित नाही, पण तुम्ही बाटली घेताना सही करायच्या आधी हलवून बघा, एवढंच.

पावडर बनवणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे हे धरून चाला. साध्या पाण्यात विरघळतच नाही, नुसती तरंगत बसते. एचसीएल टाकून पीएच दोनच्या खाली न्यायचा, स्टररवर दोन-तीन तास फिरवायचं, पूर्ण स्वच्छ झालं की थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइडने सातवर आणायचं, एका एमएलला एक मिलिग्रॅम असं व्हॉल्यूम करायचं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं आणि छोटे छोटे भाग करून उणे वीसला. मी पहिल्यांदा घाईत (सहा वाजताची ठाणे लोकल डोक्यात) पीएच एकदम दहावर नेऊन ठेवला, सगळं दूध झालं. परत अ‍ॅसिड, परत अल्कली. घरी पोचायला साडेनऊ. याचंच सॉल्ट रूप मिळतं ते पाण्यात पटकन विरघळतं, थोडं महाग पडतं पण ज्यांना घरी कोणी वाट बघणारं आहे त्यांनी तेच घ्यावं.

एकदा स्टॉक झाला की मात्र मजा. आम्ही एचईके २९३टी सेल्स (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी) वापरतो. डीएनए एक भाग तर पीईआय तीन भाग, वजनाने, दोन्ही सीरम नसलेल्या मीडियात (सेल्स वाढवायच्या द्रवात) वेगवेगळे पातळ करायचे, एकत्र करायचे, पंधरा मिनिटं ठेवायचे आणि सेल्सवर सोडायचे. डीएनएवर ऋण भार, पीईआयवर धन, दोघं एकमेकांना बिलगतात आणि लांबलचक प्लास्मिडचं (आपलं जीन असलेल्या डीएनएच्या गोल कड्याचं) बोचकं होतं, साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटरचं. नऊवारी कशी घडी घालून घालून हातरुमालाएवढ्या पिशवीत कोंबतात तसंच. सेलच्या कातडीवर पण ऋण भार, म्हणून बोचकं चिकटतं आणि सेल ते खाऊन टाकते.

ही पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच. एकदा मी मिक्स करून ठेवलं आणि खालच्या टपरीवर चहाला गेले, तिथे पावसाने अडकले, आले तेव्हा पाऊण तास झालेला. तसंच ओतलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघते तर सेल्सवर बारीक वाळू पसरल्यासारखे कण, निम्म्या सेल्स गोल होऊन तरंगतायत. जास्त ठेवलं की बोचकी एकमेकांना चिकटून ढेकळं होतात. आता मी टायमर लावते आणि चहा आधी पिते.

पुढे सेलच्या आत काय होतं ते मला स्वतःला फार आवडतं. खाल्लेलं बोचकं ज्या पिशवीत जातं तिथला आम्लपणा वाढत जातो आणि तिथेच डीएनएचा चुथडा व्हायचा असतो. पण पीईआयच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा, तो प्रोटॉन शोषत राहतो, प्रोटॉनमागे क्लोराइड, त्यामागे पाणी, पिशवी फुगते आणि फुटते. याला प्रोटॉन स्पंज म्हणतात, आमच्या बॅचला एमएस्सीत हे त्रिकालाबाधित सत्य म्हणून शिकवलेलं. २०१३ साली एका ग्रुपने प्रत्यक्ष मोजलं तर लायसोसोमचा (सेलमधल्या त्या आम्ल पिशवीचा) पीएच बदललेला दिसलाच नाही, त्यामुळे वाद चालू आहे. फुटतं कसं ते शास्त्रज्ञ बघून घेतील, आमच्याकडे हिरवं दिसतंय ना, झालं.

हिरवं म्हणजे जीएफपी, जीन आत पोचून चालू झालं की हिरवं चमकणारं प्रथिन. अठ्ठेचाळीस तासांनी प्लेट निळ्या लाइटखाली ठेवली तेव्हा चांगल्या दिवशी दहातल्या सात-आठ सेल्स पेटलेल्या असायच्या, किटने पण आम्हाला साधारण एवढंच मिळायचं. सेल्स मरतात थोड्या जास्त, हे खरं आहे, पीईआय विषारीच आहे, म्हणून पाच-सहा तासांनी मीडिया बदलायचा आळस करू नका. आणि नवी बाटली उघडली की १:२, १:३, १:४ असं परत लावून बघा, बॅच बदलली की आकडा हलतो.

कोणासाठी नाही तेही सांगते. बोचकं सेलमध्ये गेलं तरी न्यूक्लियसची भिंत आडवी येते, आणि सेल विभागताना ती भिंत विरघळते तेव्हा डीएनएचं काम सोपं होतं. म्हणून भराभर वाढणाऱ्या एचईकेमध्ये झकास आणि न वाढणाऱ्या न्यूरॉनमध्ये, रक्तातल्या टी-सेल्समध्ये रडारड. आपल्या आयआयटी-टाटावाल्यांच्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या थेरपीत (२०२३ साली मंजूर झालेली) टी-सेलमध्ये जीन व्हायरसने घालतात ते उगाच नाही. पण असले व्हायरस बनवायला बऱ्याच ठिकाणी २९३टीमध्ये तीन-चार प्लास्मिड एकदम पीईआयनेच ढकलतात, आमच्याकडे पण या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला.

पाचात चार स्टार. एक कापला तो त्या अ‍ॅसिड-अल्कलीच्या संध्याकाळीसाठी. पैसे म्हणाल तर एक ग्रॅमची बाटली आम्ही अजून निम्मीही संपवलेली नाही. डीलरला मात्र वेगळा अर्धा स्टार, तोही मधासाठी, कारण २९३टी सेल्स धुताना प्लेटवरून सुटून जायच्या म्हणून वैतागून एकदा त्याच ब्रँच्डचं अगदी पातळ पाणी करून कव्हरस्लिपवर लावलं, धुऊन घेतलं आणि वर सेल्स टाकल्या. तेव्हापासून हलत नाहीत त्या.