२,८५० रुपयांचा चुना, आणि तोही मला

सांगायलाही लाज वाटते. सोसायटीत कुणाची बाईक अडली की मला हाक मारतात, आणि मलाच एका पोराने जुनी बॅटरी नवी म्हणून चिकटवली. दहा मिनिटांत.

गाडी २०११ ची बुलेट इलेक्ट्रा, बॅटरी १२ व्होल्ट १४ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता). बॅटरी बसवली की त्याच दिवशी तिच्यावर खिळ्याने तारीख कोरायची ही माझी सवय. जुनीवर १४/८/२१ होतं, म्हणजे तिने चार वर्षं काढली. आता सेल्फ मारला की नुसतं टक-टक. शनिवारचे रात्रीचे साडेआठ, ठाण्यात नौपाड्यातलं नेहमीचं दुकान बंद, आणि रविवारी पहाटे वडिलांना स्टेशनवर सोडायचं. म्हणून किक मारून माजिवड्याच्या पुढे दिवे दिसले त्या दुकानात शिरलो. तुम्ही असतात तर दुसरं काय केलं असतंत?

किंमत ३,२००. जुनीचे ३५० वजा. राहिले २,८५०, वर बसवायचे ५०.

आता ऐका. पोराने बॅटरी काउंटरवर ठेवली तेव्हा मी टर्मिनल बघितलं. शिशावर बोल्ट आवळल्याचे गोल ओरखडे होते, चकचकीत. नव्या बॅटरीच्या टर्मिनलला बोल्ट लागलेला असेलच कशाला? मी बोट ठेवून विचारलंही. "काका, डिस्प्लेचा पीस आहे, टेस्टिंगला लावतो आम्ही." स्टिकरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा होता, खाली दुसऱ्या स्टिकरची कड नखाला लागत होती. नख लावलं मी! आणि काढून घेतलं. पोरगं 'काका' म्हणत होतं, मागे दोघं ताटकळत होते, उगाच किरकिऱ्या वाटायला नको. त्या एका नखाची किंमत ३,७०० रुपये झाली.

मग त्याने मीटर लावला. १२.९ व्होल्ट. मी खूश. चार्जरवरून नुकती उतरवलेली बॅटरी मरायला टेकली असली तरी काही वेळ आकडा चांगलाच दाखवते, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो. लोड टाकून बघायचं असतं. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर ती बॅटरी घेऊ नका. आणि सेल्फ मारून बघायचाच, तर इंजिन गार असताना. माझं तापलेलं होतं, पहिल्या झटक्यात घेतलं.

वॉरंटी कार्ड कोरं. "शिक्का सोमवारी मारतो." बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल." वाचवले मी पैसे! क्यूआर स्कॅन केल्यावर आलेलं नाव दुकानाचं नव्हतंच, कुणाचं तरी खासगी होतं. तिथे पिन टाकायच्या आधी थांबा. मी थांबलो नाही.

एकोणिसाव्या दिवशी, पावसात, पातलीपाड्याच्या पुलाखाली गाडी बंद. बॅटरी पार झोपली की या इंजिनाला किकचाही उपयोग नसतो. टेम्पोचे ८०० गेले. मेकॅनिकने रात्रभर चार्ज केली, सकाळी १०.४ व्होल्ट. सहा सेलपैकी एक मेलेला. मग कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे बॅटरीचा सिरीयल नंबर टाकून बघितला, तर तो अडीच वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या नावावर चढलेला.

दुकानात गेलो तर पोरगं बदललेलं. "तो सोडून गेला काका. बिल आहे का?"

पोलीस चौकीत सगळं ऐकून घेतल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "एकोणीस दिवस चालली ना?" मग माझं घर एका हद्दीत आणि दुकान दुसऱ्या, असं निघालं. दुसरीकडे पाठवलं. तिथे पाऊण तास बाकड्यावर बसवून विचारलं, बिल आहे का? मी म्हटलं, बिल दिलं असतं तर तो चोर कसला? यावर साहेब हसले आणि चहा मागवला. स्वतःसाठी. बॅटरी कंपनीच्या बाईंचा सूर अगदी गोड: "सर, ते दुकान आमच्या यादीत नाही, पण तुम्ही बिल पाठवा." चार ठिकाणी फिरलो, अर्ध्या दिवसाची रजा गेली, आणि मला खोटी बॅटरी विकली गेली यापेक्षा मी कागद नाही ठेवला हाच सगळ्यांना मोठा गुन्हा वाटला.

तुमच्याकडे बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोनही करता येतो. मी यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि स्टिकरचे फोटो जोडून तक्रार टाकली आहे. बघू.

नवीन बॅटरी ३,४५० ला घेतली. बिल घेतलं, कार्डावर शिक्का माझ्यासमोर मारून घेतला, नंबर त्याच्याच फोनवर नोंदवायला लावला. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

आणि हो, माझी जुनी त्या पोराने ३५० ला ठेवून घेतली ती भंगारात गेली असेल यावर आता माझा विश्वास नाही. ठाण्यात कुणी नुकतीच १४ एएचची बॅटरी घेतली असेल तर स्टिकर जरा उचलून बघा. खाली खिळ्याने कोरलेलं १४/८/२१ दिसलं तर मला कळवा.